चाकाची मागची बाजू

२०१३ साली चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली. १.२ लिटरचं इवलंसं टर्बो इंजिन, १०५ पीएसची ताकद, सात गिअरांचा डीएसजी गिअरबॉक्स आणि हे सगळं चार मीटरच्या आत मावणाऱ्या हॅचबॅकमध्ये. २०२२ मध्ये पोलोचं उत्पादन थांबलं, तरी पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर जीटी अजून पुष्कळ दिसतात आणि त्यांचे मालक त्यांना जिवापाड जपतात. या मालकांची एक जुनी तक्रार आहे. सुरुवातीच्या जीटीला कंपनीने १५ इंची चाकं दिली होती, १८५/६० मापाच्या टायरांसकट. इंजिनाचा रुबाब एक आणि चाकांचा दुसराच. मडगार्डच्या कमानीत चाक हरवल्यासारखं दिसतं.

मग चाकं बदलायचा विचार डोक्यात येतो. टायरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात भिंतभर अलॉय टांगलेली असतात. त्यांतली बरीचशी कुठल्याच एका गाडीसाठी बनवलेली नसतात. भोकांचे दोन-दोन संच पाडलेले असतात, मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, कारण एकच चाक दहा गाड्यांना विकता आलं पाहिजे. दुसरा मार्ग असा, की कारखान्यानेच त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलसाठी किंवा तिच्या एखाद्या भावंडासाठी बनवलेलं मूळ चाक शोधून बसवायचं. हा दुसरा मार्ग मला मनापासून पटतो आणि या प्रकरणात त्याचीच सविस्तर माहिती द्यायची आहे. त्यासाठी एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. चाक हातात आलं, की आधी ते उलटं करायचं. पुढून ते कितीही देखणं असो, ते आपल्या गाडीला चालेल की नाही, हे मागे लिहिलेलं असतं.

कारखान्याच्या चाकामागचे कष्ट

ॲल्युमिनियमचं ओतीव चाक शंभर वर्षं जुनं आहे. १९२४ च्या बुगाटी टाइप ३५ या शर्यतीच्या गाडीला तशी चाकं होती. पुढे जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या शिल्टाख गावात हाइनरिक बाउमगार्टनर आणि क्लाउस ब्रांड यांनी १९७० मध्ये बीबीएस ही कंपनी काढली. दोघांची आडनावं आणि गावाचं नाव, यांच्या आद्याक्षरांवरून बीबीएस. तिची जाळीदार चाकं शर्यतीच्या मैदानातून रोजच्या गाड्यांवर आली आणि अलॉय ही हौसेची गोष्ट झाली.

आज गाडीबरोबर येणारं अलॉय सहसा ए३५६ नावाच्या मिश्रधातूचं असतं. ॲल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम. चाक साच्यात ओतून झाल्यावर ते भट्टीत तापवतात, झटकन थंड करतात आणि नंतर बराच वेळ मंद आचेत ठेवतात. चाकाची निम्मी ताकद या उष्णतेच्या प्रक्रियेतून येते. ही गोष्ट लक्षात असू द्या, जुनी चाकं घेताना तिचा फार उपयोग होतो.

त्यानंतर चाचण्या. गाडी वळताना चाकाला जो पीळ बसतो, तो यंत्रावर लाखो वेळा देऊन पाहतात. टायर चढवलेलं चाक भाराखाली फिरत्या ड्रमवर दाबून चालवतात. पण सगळ्यात बोलकी चाचणी आघाताची. टायरसकट चाक आडव्या पातळीशी १३ अंश कलतं बसवतात आणि त्याच्या कडेवर २३० मिलिमीटर उंचीवरून एक जड ठोकळा सोडतात. ठोकळ्याचं वजन चाकावर येणाऱ्या कमाल भाराच्या ०.६ पट, अधिक १८० किलो. म्हणजे ५०० किलो भाराच्या चाकावर चक्क ४८० किलोचा घाव. चाकाच्या मधल्या भागाला आरपार तडा गेला किंवा मिनिटभरात टायरमधली सगळी हवा गेली, तर चाक नापास. पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर गाडी हाकलेल्या माणसाला या चाचणीचं मोल वेगळं सांगायला नको.

या चाचण्या पार करून आलेलं चाक एखाद्या जड भावंडाच्या अंगावरून आपल्या हलक्या गाडीवर आलं, तर ताकदीचा प्रश्न तिथेच मिटतो. नव्या अलॉयच्या किमतीत किंवा त्याहूनही कमी पैशांत मिळालेली ही खात्री आहे. राहतो प्रश्न मापांचा.

मागे काय लिहिलेलं असतं

पोलोच्याच परिवारातल्या, पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हियाचं चाक घेऊ. औरंगाबादजवळच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथल्या कारखान्यात ही गाडी जोडली जायची आणि तिची चाकं जुन्या बाजारात अजून सापडतात. स्पोकच्या मागच्या अंगाला ओतीव अक्षरांत मजकूर असतो: ६जे × १५ एच२ ईटी३८. शेजारी भागाचा क्रमांक, ओतकामाचा महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा शिक्का.

६ म्हणजे रिमची रुंदी इंचांत. टायर जिथे बसतो त्या दोन कडांमधलं हे अंतर. जे हा त्या कडेच्या आकाराचा प्रकार, १५ हा व्यास. एच२ म्हणजे रिमच्या दोन्ही बाजूंना आतून केलेले उंचवटे. हवा कमी झाली तरी टायरची कड घसरून मधल्या खोबणीत पडू नये, यासाठी ते असतात. ईटी३८ हा मजकुरातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा, त्याच्याकडे सावकाश येऊ.

फोक्सवॅगन परिवारातल्या अलॉयच्या भाग क्रमांकात मध्ये ६०१ ०२५ हे आकडे येतात. त्यांच्या आधीची तीन अक्षरं गाडी सांगतात. ६आर० असेल तर पोलो, १यू० म्हणजे पहिली ऑक्टेव्हिया, ५जे० म्हणजे फॅबिया, १झेड० म्हणजे आपल्याकडे लॉरा नावाने विकली गेलेली दुसरी ऑक्टेव्हिया, १के० म्हणजे गोल्फची पाचवी-सहावी पिढी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्यात नाना पेठेत दुकानदार सांगेल, "साहेब, पोलोचंच आहे, डोळे झाकून घ्या." आपण डोळे उघडे ठेवून क्रमांक वाचायचा. क्रमांकच नसेल, किंवा तो ओतलेला नसून नुसता रंगवलेला असेल, तर ते चाक मूळ चाकाची नक्कल असण्याची शक्यता मोठी. नकलेने वर सांगितलेला ४८० किलोचा घाव सोसला असेल, असं धरून चालता येत नाही.

पाच भोकं आणि एक मोठं भोक

बोल्टच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास म्हणजे पीसीडी. पोलोचा पीसीडी ५×१००: पाच भोकं, १०० मिमीचं वर्तुळ. व्हेंटो, रॅपिड, फॅबिया, पहिली ऑक्टेव्हिया आणि आताच्या टायगन, व्हर्टस, कुशाक, स्लाव्हिया या सगळ्यांचा हाच. लॉरा, जेटा, पसाट, सुपर्ब मात्र ५×११२. चाकाच्या मध्यावर बोधचिन्ह तेच, भोकंही पाचच. पण जेटाचं चाक पोलोच्या हबवर बसणारच नाही.

पाच भोकांत समोरासमोर भोकं येत नाहीत, त्यामुळे व्यास सरळ मोजता येत नाही. त्यासाठी व्हर्नियर घ्या आणि शेजारच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. त्यातून एका भोकाचा व्यास वजा केला, की दोन केंद्रांमधलं अंतर मिळतं. ५×१०० मध्ये ते ५८.८ मिमी भरतं, ५×११२ मध्ये ६५.८. या अंतराला १.७ ने गुणलं की पीसीडी हाती येतो. दोन्हींत सात मिलिमीटरांचा फरक असल्याने व्हर्नियर नसेल तर साध्या पट्टीनेही काम भागतं.

खरी फसगत होते ती जवळच्या मापांत. रांजणगावला बनणारी फियाट पुंटो आठवा. २०१५ मध्ये तिची १४५ पीएसची अबार्थ आवृत्ती आली आणि ताकदीच्या बाबतीत तिने सगळ्या भारतीय हॅचबॅक मागे टाकल्या. फियाटचा पीसीडी ४×९८. बाजारात मारुती, ह्युंदाई आणि होंडाच्या कितीतरी गाड्यांची चाकं ४×१०० ची मिळतात. फरक दोन मिलिमीटरांचा, म्हणजे प्रत्येक भोक केंद्रापासून एकच मिलिमीटर चुकतं. बोल्ट पान्याने रेटला की आत जातो आणि चाक बसल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात बोल्ट तिरका होऊन एका कडेवर टेकलेला असतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याला वाक बसतो आणि एक दिवस तो सैल होतो किंवा तुटतो. असं चाक बसवू नका आणि कुणाला बसवूही देऊ नका.

मधलं मोठं भोक हबच्या उंचवट्यावर बसतं. फोक्सवॅगन परिवारातल्या या आकाराच्या गाड्यांमध्ये त्याचं माप ५७.१ मिमी. मूळ चाक हबवर ढकललं की ते हलकासा आवाज करून घट्ट बसतं, बोल्ट न लावताही तिथेच राहतं. चाक केंद्रावर धरून ठेवायचं काम हा उंचवटा करतो. भोक मोठं असलं, तर बसवताना चाक किंचित खाली सरकतं आणि ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं. बॅलन्सिंग कितीही वेळा केलं, तरी ती थरथर जात नाही. यावर उपाय म्हणजे मधली पोकळी भरणारी योग्य मापाची रिंग. भोक लहान असेल, तर रिंगचाही उपयोग नाही. जपानी सुबारू इम्प्रेझाचा पीसीडी बराच काळ ५×१०० होता, मात्र मधलं भोक ५६.१. एका मिलिमीटरने ते चाक पोलोच्या हबवर चढत नाही. परिवारातल्या चाकांत ही भानगडच नसते.

ईटी: सगळ्यात कमी समजलेला आकडा

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधून एक उभी रेषा कल्पा. चाकाचा जो पृष्ठभाग हबला टेकतो, तो या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते ईटी सांगतो. ईटी वाढला की चाक गाडीच्या आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं. रुंदी इंचांत आणि ईटी मिलिमीटरांत असल्याने बहुतेकांचा हिशेब इथे चुकतो.

समजा आपलं मूळ चाक ६जे ईटी४० आहे आणि मिळालेलं चाक ७जे ईटी४६. रुंदी एक इंच वाढली, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साडेबारा-तेरा मिलिमीटर. काटेकोर आकडा १२.७. ईटी ६ ने वाढला, म्हणून सगळं चाक ६ मिमी आत गेलं. बाहेरची कड १२.७ वजा ६, म्हणजे ६.७ मिमी बाहेर आली. आतली कड १२.७ अधिक ६, म्हणजे १८.७ मिमी शॉकॲब्सॉर्बरकडे सरकली. बाहेर सात मिलिमीटरांनी काही बिघडत नाही, कमान जरा भरल्यासारखी दिसते. आत मात्र जवळजवळ एकोणीस मिलिमीटर जागा आहे का, ते गाडी जॅकवर चढवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, बोट घालून बघावंच लागतं.

आता दुकानाच्या भिंतीवरचं साडेसात इंच रुंदीचं, ईटी३५ चं चाक घ्या. दीड इंच वाढीचे अर्धे १९ मिमी, त्यात ईटीचे ५ मिळवले, की बाहेरची कड २४ मिमी बाहेर. चार माणसं मागे-पुढे बसवून स्पीडब्रेकरवरून गेलात, की टायर मडगार्डच्या कडेला घासणार. मग कोणीतरी ती कड हातोड्याने दुमडून देतो, तिथला रंग फुटतो आणि दोन पावसाळ्यांत गंज धरतो.

घासण्यापलीकडचाही एक परिणाम आहे आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. पुढचं चाक ज्या तिरप्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत मिळतो. टायरच्या मध्यापासून त्या बिंदूच्या अंतरावर स्टिअरिंगचा बराचसा स्वभाव ठरतो. १९७२ च्या ऑडी ८० पासून या परिवारातल्या अभियंत्यांनी हा बिंदू टायरच्या मध्याच्या किंचित बाहेर ठेवायची पद्धत रुळवली. फायदा असा, की एक चाक डांबरावर आणि दुसरं वाळूत किंवा चिखलात असताना करकचून ब्रेक दाबला, तर गाडी एका बाजूला ओढली जायच्या ऐवजी चाकं आपोआप तिला सरळ ठेवायचा प्रयत्न करतात. चाक दोन-चार मिलिमीटर बाहेर आलं तर हे गणित टिकतं. वीस-पंचवीस मिलिमीटर बाहेर आलं की ते विस्कटतं. खड्ड्यात एक चाक गेलं तरी स्टिअरिंग हाताला हिसका देतं आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. भावंडांची चाकं इथे जिंकतात. पहिल्या ऑक्टेव्हियाचा ईटी ३८, आपल्या उदाहरणातल्या पोलोचा ४०. दोन मिलिमीटर. त्याच पद्धतीने विचार करणाऱ्या माणसांनी दोन्ही ठरवलेले आहेत.

बोल्टची टोपी

जपानी आणि कोरियन गाड्यांच्या हबवर स्टड असतात आणि चाक नटांनी आवळतात. फोक्सवॅगन परिवारात हबला नुसती आटे पाडलेली भोकं असतात आणि बोल्ट बाहेरून आत जातो. बोल्टची जाडी १४ मिमी, आट्यांमधलं अंतर दीड मिमी, डोक्याला १७ चा पाना.

बोल्ट हातात घेऊन टोपीच्या खालचा भाग उजेडात धरा. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टला तिथे गोलाई दिसेल, चेंडूच्या कापासारखी. तिची त्रिज्या १३ मिमी आणि चाकातल्या खोलगट बैठकीचीही तीच, त्यामुळे धातू धातूला सगळीकडून टेकतो. बाजारातल्या बहुतेक अलॉयना मात्र शंकूच्या आकाराची बैठक असते, ६० अंशांची. गोल बैठकीत शंकूचा बोल्ट आवळला, तर दोघांचा स्पर्श एका बारीक रेषेपुरता होतो. पाना तेवढ्याच जोराने लागतो, पण पकड राहत नाही आणि शे-दोनशे किलोमीटरांत बोल्ट ढिला पडतो. जुनं चाक घेताना बैठकीत बोट फिरवून बघा. गुळगुळीत चकाकता पट्टा दिसला तर योग्य बोल्ट वापरलेला आहे. एक बारीक खोल ओरखडा गोल फिरलेला दिसला, तर कुणीतरी चुकीचा बोल्ट लावलेला आहे. ते चाक सोडून द्यायचं. पोर्शेच्या चाकांचीही बैठक गोल असते, पण त्रिज्या १४. दिसायला सारखं, मापाला वेगळं.

लांबीही बघावी लागते. चाकाची बैठक जाड असेल, तर तोच बोल्ट हबमध्ये कमी शिरतो. हाताने फिरवून बोल्ट सुमारे सात-साडेसात फेरे आत जायला हवा. त्याहून कमी गेला तर लांब बोल्ट घ्या. उगाच फार लांब घेतला, तर मागच्या ड्रमच्या आत तो ब्रेकच्या भागांना लागू शकतो, म्हणून बसवल्यावर चाक हाताने फिरवून आवाज ऐका.

टायरचा हिशेब

चाक बसलं तरी काम अर्धंच झालं. टायरच्या बाजूवरचा आकडा घेऊन बेरीज करायची. १८५/६० आर१५ मध्ये बाजूची उंची १८५ च्या ६० टक्के, म्हणजे १११ मिमी. ती वर आणि खाली धरून २२२, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले, की टायरचा व्यास ६०३ मिमी. पुढे कंपनीनेच जीटीला १६ इंची चाकं आणि १९५/५५ टायर दिले. त्यांचा व्यास ६२१, म्हणजे तीन टक्के जास्त. इतका फरक गाडी सहज पचवते.

व्हर्टसची १६ इंची चाकं पोलोच्या हबवर बसतात. पण त्यांच्यावर येणारे २०५/५५ टायर तसेच ठेवले, तर व्यास ६३२ होतो, मूळ मापाहून जवळजवळ पाच टक्के जास्त. स्पीडोमीटरवर १०० दिसेल तेव्हा गाडी आधीपेक्षा पाच टक्के जास्त वेगाने जात असेल. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि म्हणून कंपन्या तो मुळातच थोडा चढा ठेवतात. ती सगळी फट इथे खाल्ली जाते. शिवाय गिअर लांबल्यासारखे होतात आणि सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते. म्हणून चाक भावंडाचं घ्या, टायर आपल्या गाडीच्या मापाचा चढवा. पहिल्या ऑक्टेव्हियाच्या १९५/६५ आर१५ टायरांनाही हेच लागू.

टायरवर भाराचा क्रमांकही असतो. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८८ म्हणजे ५६०. गाडीच्या दारावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लावलेल्या पट्टीवर आणि मालकाच्या पुस्तिकेत जो दिलेला असेल, त्याखाली कधीच जाऊ नका. त्याच ठिकाणी कंपनीला मान्य असलेली टायरची मापंही दिलेली असतात. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. कंपनीनेच त्या मॉडेलला दिलेलं माप निवडलं, तर पोलीस आणि विमा कंपनी, दोघांसमोर बाजू भक्कम राहते.

१७ इंचांचं काय? २१५/४० आर१७ चा व्यास ६०४ येतो, कागदावर अगदी चोख. पण टायरची बाजू १११ वरून ८६ मिमीवर उतरते. खड्ड्याची धार लागली, की टायर चेपून रिमपर्यंत धक्का पोचायला तेवढी कमी जागा. रिमची कड वाकते किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, फेकावाच लागतो. मोठं चाक सहसा जडही असतं, आणि वजन वाढतं ते कडेला. टायरच्या परिघावर वाढलेला एक किलो वेग घेताना डिकीत ठेवलेल्या दोन किलोंइतका भारी पडतो, कारण त्याला पुढेही न्यायचं असतं आणि फिरवायचंही असतं. १०५ पीएसच्या गाडीत हे जाणवतं. १९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय, जिच्यामुळे चपळ छोट्या गाड्यांचं युग सुरू झालं, ती १३ इंची चाकांवर आणि १७५/७० टायरांवर धावायची. आपल्या रस्त्यांवर पोलोसाठी मी १६ इंचांच्या पुढे जायचा सल्ला कुणालाही देणार नाही.

जुनं चाक पारखताना

दुकानात चाक बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायरशिवाय फिरवून मागायचं. कडेजवळ बोट स्थिर धरलं, की रिम वर-खाली किंवा आत-बाहेर नाचते का ते लगेच दिसतं. आतली कड जास्त महत्त्वाची, कारण खड्ड्याचा मार तिलाच आधी बसतो आणि बाहेरून ती दिसत नाही.

वाकलेली रिम गॅसच्या ज्योतीवर तापवून ठोकून सरळ करून देणारे कारागीर जागोजागी आहेत. त्यांच्या हातात कसब असतं, यात शंका नाही. पण कारखान्यातल्या भट्टीत मिळालेली ताकद ज्योतीच्या आचेने त्या जागी निघून जाते आणि धातू मऊ पडतो. तडा गेलेल्या चाकावर वेल्डिंग केलेलं असेल, तर तो भाग आणखी कमजोर. नव्या रंगाखाली हे सगळं झाकलं जातं. म्हणून रंगवून चकचकीत केलेल्या चाकापेक्षा कडेला खरचटलेलं, मूळ रंगातलं चाक मी पसंत करतो. स्पोक जिथे रिमला मिळतात तिथे आणि बोल्टच्या बैठकांभोवती कापडाने पुसून तडे शोधा. चार चाकांचे भाग क्रमांक जुळवून पाहा. चारांत एखादं वेगळ्या ईटीचं निघणं काही दुर्मीळ नाही.

बसवायचा दिवस

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, नाहीतर चाक सपाट टेकत नाही. स्टड नसल्याने चाक एका हाताने तोलून धरून दुसऱ्या हाताने बोल्ट लावायची कसरत करावी लागते. एका भोकात लांब पिन फिरवून ठेवली तर काम सोपं होतं. पाचही बोल्ट आधी हाताने लावा, मग एक सोडून एक असे चांदणीच्या क्रमाने घट्ट करा. गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला आवळा. हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने अखेरचं आवळू देऊ नका. तिचा जोर मोजलेला नसतो आणि पुढे पंक्चर झालं, तर रस्त्याच्या कडेला डिकीतल्या पान्याने तो बोल्ट सुटत नाही. पन्नास ते शंभर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासायचा. त्यानंतर अलाइनमेंट.

स्टेपनी मात्र मूळ मापाचीच राहिलेली असते. नवे टायर ६२१ मिमीचे आणि स्टेपनी ६०३ ची असेल, तर ती पुढे लावू नका. पोलो पुढच्या चाकांनी ओढली जाते. पुढे दोन वेगळ्या व्यासांची चाकं आली, की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत फरक भरून काढावा लागतो आणि ते तापतं. पुढचं चाक पंक्चर झालं, तर मागचं चाक काढून पुढे लावायचं आणि स्टेपनी मागे. वेळ दुप्पट लागतो आणि जॅक दोनदा लावावा लागतो, पण करायचं असंच. मग सावकाश जवळच्या पंक्चरवाल्याकडे जायचं आणि मूळ चाक दुरुस्त होताच ते पुन्हा जागेवर आणायचं.